प्रौढ विद्यार्थ्याची खरी फी

नाशिक जिल्ह्यात यशवंतराव चव्हाण यांच्या नावाशी निगडित अशा दोन संस्था आहेत. परंतु त्या दोहोंचा एकत्र विचार सहसा कोणी करीत नाही. पहिली संस्था म्हणजे ओझरचा विमान कारखाना. चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री होते आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले होते. त्याच काळात, १९६४ साली, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना निफाड तालुक्यातील ओझरला उभा राहिला. मिग-२१ विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि विमानातील विद्युत्-उपकरणे हैदराबादला, अशी तेव्हाची कामाची वाटणी होती. दुसरी संस्था म्हणजे चव्हाणांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९८९ साली, स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. एक संस्था नाशिक शहराच्या एका अंगाला, मुंबई-आग्रा महामार्गावर. दुसरी दुसऱ्या अंगाला, गंगापूर धरणाच्या वाटेवर. पहिलीने तरुणांच्या हाताला काम दिले. काम हाती आल्यामुळे ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर राहिले, त्यांच्यासाठी दुसरीने दार उघडले.

दार उघडले ही गोष्ट लहान नव्हे. परंतु दार उघडे असणे आणि माणसाला त्या दारापर्यंत पोहोचता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ओझरसारख्या गावात आज चाळिशीतला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊ पाहतो, तेव्हा त्याची अडचण नेमकी कोणती असते? बुद्धीची, पैशाची की आणखी कशाची? या प्रश्नाचे उत्तर शोधल्याखेरीज 'आजीवन शिक्षण' हा शब्द भाषणांतच राहील.

असे विद्यार्थी कोण असतात, हे प्रथम पाहावे. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र घेऊन विसाव्या वर्षी यंत्रापाशी उभा राहिलेला कामगार वीस वर्षांनी पर्यवेक्षकाच्या जागेकडे पाहू लागतो, आणि तेथे पदवी विचारली जाते. पतसंस्थेतील कारकुनाला खाते कसे लिहावे हे पाठ असते. पण ताळेबंद वाचून त्याचा अर्थ लावणे हे पदवीधराचे काम, असे त्याला सांगितले जाते. बारावीनंतर लग्न होऊन कॉलनीत आलेली गृहिणी धाकट्या मुलाची दहावी पार पडल्यावर स्वतःचे प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळातून बाहेर काढते. द्राक्षबागेचा मालक औषधांच्या डब्यावरील मजकूर आणि निर्यातीचे नियम समजून घेण्यासाठी कृषी शिक्षणक्रमाची चौकशी करतो. यांतील एकालाही शिक्षणाची हौस म्हणून वेळ घालवायचा नसतो. प्रत्येकाच्या आयुष्यात कोठेतरी एक बंद दार असते आणि ते उघडण्यासाठी तो पुन्हा वहीपेन हाती घेतो.

गाव मात्र या घटनेकडे दोनच रीतींनी पाहते. एक तर 'बैल गेला नि झोपा केला' असे म्हणून हसते, नाही तर तोंड भरून कौतुक करते. दहावीचा निकाल लागला, की आई आणि मुलगी एकाच वर्षी उत्तीर्ण झाल्याचे वृत्त छायाचित्रासह झळकते, सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. हसण्याने माणूस खचतो हे उघड आहे. परंतु निव्वळ कौतुकानेही फारसे साधत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. कौतुकाला खर्च येत नाही. 'जिद्द असेल तर सर्व काही साध्य होते' असे एकदा म्हटले, की ज्यांना ते साध्य झाले नाही त्यांच्यात जिद्द नव्हती असे ठरते, आणि समाजाची जबाबदारी तेथेच संपते.

जुनी परंपरा

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली शेतकऱ्यांसाठी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा शेतात आणि कामावर असणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा निरुपयोगी, ही साधी गोष्ट त्या शाळेच्या वेळेतच मान्य केलेली होती. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, शाळेचे वय केव्हाच उलटून गेलेल्या विवाहित आणि विधवा स्त्रियांना अक्षरओळखीपासून परिचारिकेच्या शिक्षणापर्यंत नेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्मरावे असे आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसा बाजूला टाकला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, संसाराची जबाबदारी असताना, ते पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधाला १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. मध्येच तुटलेले शिक्षण पुन्हा जोडणे म्हणजे काय, याचा अनुभव ज्याने घेतला होता त्याच पुरुषाच्या पुढाकाराने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळच्या वेळी भरू लागले, हा योगायोग नव्हे.

या सर्व प्रयत्नांत एक समान सूत्र आहे. विद्यार्थ्याने संस्थेच्या घड्याळाप्रमाणे चालावे असे न म्हणता, संस्थेने विद्यार्थ्याचे घड्याळ पाहिले. रात्रीची शाळा, संसार सांभाळून करावयाचा अभ्यासक्रम, सकाळचे महाविद्यालय ही सारी वेळेची व्यवस्था होती.

पुढे बहिःस्थ विद्यार्थ्यांची आणि पत्रद्वारा शिक्षणाची सोय झाली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. त्याच १९७१ साली ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात पहिले विद्यार्थी दाखल झाले. भारतात १९८२ साली आंध्र प्रदेशाने पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन केले. नाशिकचे विद्यापीठ त्या मालिकेतील पाचवे. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद प्रत्यक्षात आणण्यासाठी अभ्यासकेंद्रांचे जाळे विणले, शिक्षकाच्या अनुपस्थितीतही वाचता येतील अशी मराठी पुस्तके तयार करविली, आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. अंतराची अडचण यामुळे पुष्कळ कमी झाली. आता राहिली ती वेळेची.

हिशेबातील चूक

प्रौढ विद्यार्थ्याविरुद्ध सर्वांत प्रतिष्ठित आक्षेप अर्थशास्त्राच्या नावाने घेतला जातो. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६० च्या सुमारास शिक्षणाला मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणून मांडले. गुंतवणूक म्हटली, की परतावा आला. आणि परताव्यासाठी वर्षे लागतात. तेविसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत पस्तीस वर्षे मिळतात. पंचेचाळिसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याला तेराच. मग सार्वजनिक पैसा कोठे घालावा, हे सांगावयास नकोच, असे या युक्तिवादाचे स्वरूप असते.

हा हिशेब थोडा पुढे नेऊन पाहावा. उदाहरणापुरते असे धरू, की पदवीमुळे महिन्याला दोन हजार रुपये अधिक मिळतात, म्हणजे वर्षाला चोवीस हजार. तरुणाला पस्तीस वर्षांत ८ लाख ४० हजार मिळतील, प्रौढाला तेरा वर्षांत ३ लाख १२ हजार. तफावत ५ लाख २८ हजारांची. परंतु अर्थशास्त्रातच 'संधित्याग' नावाची एक संकल्पना आहे: एखादी गोष्ट करताना दुसरी जी सोडावी लागते, तिचे मोल हाही खर्चच होय. पूर्णवेळ शिकणाऱ्या तरुणाने तीन वर्षे कमाई सोडलेली असते. ती महिना बारा हजार धरली तरी ४ लाख ३२ हजार होते. ती वजा केली, तर तरुणाची निव्वळ प्राप्ती ४ लाख ८ हजार राहते. नोकरी न सोडता शिकणाऱ्या प्रौढाची ३ लाख १२ हजारच राहते. सव्वापाच लाखांहून मोठी दिसणारी तफावत एक लाखाच्या आत येते.

आकडे बदलले तर उत्तर थोडेफार बदलेल. मुद्दा बदलणार नाही. प्रौढ विद्यार्थी ही वाईट गुंतवणूक आहे हा समज अर्ध्या हिशेबावर उभा आहे. शिवाय या हिशेबात घर धरलेले नाही. आई अभ्यासाला बसते त्या घरात मुलाला अभ्यासाला बस म्हणून वेगळे सांगावे लागत नाही. या परताव्याची नोंद कोणत्याही वेतनपत्रकात होत नाही.

अठराशे तास

परंतु येथेच एक प्रश्न उपस्थित होतो. प्रौढ विद्यार्थी कमाई सोडत नाही, म्हणजे तो काहीच सोडत नाही काय? तो सोडतो तो वेळ. आठवड्याला पंधरा तास अभ्यास, वर्षाचे चाळीस आठवडे आणि तीन वर्षे, असे धरले तर हे अठराशे तास होतात. आठ तासांचा दिवस मानला तर सव्वादोनशे दिवसांचे पूर्ण काम. विद्यापीठाची फी पावतीवर लिहिलेली असते. हे सव्वादोनशे दिवस कोणत्याही पावतीवर नसतात. तीच प्रौढ विद्यार्थ्याची खरी फी होय.

ती तो कोठून भरतो? झोपेतून, रविवारातून, आजारी आईवडिलांपाशी बसण्याच्या वेळेतून, मुलांबरोबरच्या संध्याकाळीतून. पाळीवर काम करणाऱ्या माणसाची स्थिती तर अधिकच बिकट. एका आठवड्याला पहिली पाळी, पुढच्याला दुसरी, त्यानंतर रात्रपाळी असेल, तर अभ्यासाची म्हणून एक निश्चित वेळ त्याच्या दिवसात राहतच नाही. रविवारचे संपर्कसत्र नेमके पाळीच्या दिवशी येते. परीक्षेचे वेळापत्रक लागते तेव्हा रजा शिल्लक नसते. मुक्त शिक्षणात गळती मोठी असते, ही जगभरची तक्रार आहे. तिचे खापर विद्यार्थ्याच्या आळसावर फोडण्यापूर्वी त्याच्या आठवड्याचा तक्ता एकदा समोर ठेवावा.

स्त्रीच्या बाबतीत ही फी दुप्पट होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या काळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे स्त्रीची पाच तास, पुरुषाची दीड तासाच्या किंचित पुढे. २०२४ च्या सर्वेक्षणातही हे चित्र फारसे पालटलेले नाही. नोकरी करणारी स्त्री शिकू लागते तेव्हा तिची तिसरी पाळी सुरू होते. 'घरच्यांचा पाठिंबा आहे' असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ पुष्कळदा 'घरच्यांची हरकत नाही' एवढाच असतो. पाठिंब्याचे मोजमाप एकच: तिच्या पाच तासांतील किती मिनिटे दुसऱ्या कोणी उचलली?

नियमांचे वय

समाजाप्रमाणेच नियमांच्याही मनात शिक्षणाचे एक 'योग्य वय' पक्के बसलेले आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षेला २०१७ साली पंचवीस वर्षांची कमाल मर्यादा घालण्यात आली. ती २०२२ साली काढावी लागली. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या विधी पदवीसाठी तिसाव्या वर्षाची मर्यादा घातली होती. तिला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. प्रत्येक वेळी मर्यादा घालणाऱ्याला ती स्वाभाविक वाटली होती, आणि प्रत्येक वेळी तिचे समर्थन करणे कठीण गेले.

१९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-सी हे कलम प्रत्येक शिक्षकाच्या व कारकुनाच्या परिचयाचे. त्यात दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची वजावट होती. स्वतःच्या किंवा पत्नीच्या शिक्षण शुल्काची नव्हती. स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज काढले, तर त्यावरील व्याजाची वजावट निराळ्या कलमाखाली मिळे. काटकसर करून रोखीने फी भरली, तर काही नाही. मूल शिकते ही गुंतवणूक आणि बाप शिकतो ही खासगी हौस, असा त्या तरतुदीचा अर्थ होतो.

सरकारी सेवेत अध्ययनरजा आहे, हे खरे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतर, एकूण सेवेत चोवीस महिन्यांपर्यंत, ती मिळू शकते. परंतु अभ्यासक्रमाचा कर्तव्याशी प्रत्यक्ष व निकटचा संबंध असावा, अशी अट आहे. अधिकाऱ्याच्या उच्च शिक्षणाला ही अट जुळते. कनिष्ठ लिपिकाच्या बी.ए.ला ती जुळविणे अवघड. कंत्राटी कामगाराच्या, दुकानातील नोकराच्या वाट्याला तर असा नियमच येत नाही.

उच्च शिक्षणाच्या आकडेवारीतही हेच घडते. अठरा ते तेवीस या वयोगटाच्या लोकसंख्येशी एकूण विद्यार्थिसंख्येचे जे प्रमाण काढले जाते, ते २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २८.४ टक्के होते. २०३५ पर्यंत ते पन्नास टक्क्यांवर न्यावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे उद्दिष्ट आहे. या प्रमाणाच्या अंशस्थानी सर्व वयांचे विद्यार्थी धरले जातात. छेदस्थानी मात्र केवळ अठरा ते तेवीस वर्षांची मुले. म्हणजे ओझरची पंचेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी प्रमाण वाढविण्यापुरती मोजली जाते. ज्या लोकसंख्येच्या शिक्षणाची चिंता करावयाची, त्या लोकसंख्येत तिला स्थान नाही. ती गणतीत आहे, विचारात नाही.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील आणि ते टाळण्याजोगे नाहीत. पहिला असा, की पदव्यांचा बाजार आधीच वाढला आहे. त्यात चाळिशीतल्यांची भर कशाला? पदवीला नोकरीचा परवाना मानण्याची प्रवृत्ती घातक आहे, यात शंका नाही. परंतु तो परवाना मागणारी व्यवस्था प्रौढ विद्यार्थ्याने निर्माण केलेली नाही. वीस वर्षे उत्तम काम केलेल्या माणसाचा अनुभव जमेस धरावयाचा नाही, त्याच्याकडे पदवीच मागावयाची, आणि तो पदवीसाठी धडपडू लागला की त्याला पदवीलोलुप म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवालाही शैक्षणिक श्रेयांक देण्याची तरतूद आहे. ती मनापासून अंमलात आली, तर पदवीची हाव कमी होईल आणि अठराशे तासांतील काही तासही वाचतील.

दुसरा आक्षेप ग्रहणशक्तीचा. वय वाढले की डोके चालत नाही, असा समज आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२८ सालीच प्रौढांच्या अध्ययनावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की शिकण्याची शक्ती वयाबरोबर घटते ती फार मंद गतीने. पण त्यासाठी परदेशी ग्रंथाकडे जाण्याचीही गरज नाही. ओझरच्या शिवारात दाखला आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर, १९९० नंतरच्या वर्षांत, ओझरच्या शेतकऱ्यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या आणि बापूसाहेब उपाध्ये यांच्या पुढाकाराने पाणीवापर सहकारी संस्था स्थापन केल्या. पाणी घनमापाने मोजून घेणे, पाळ्या आखणे, पट्टी वसूल करणे, सहकारी कायद्याप्रमाणे दप्तर ठेवणे, पाटबंधारे खात्याशी करार करणे, हे सारे त्यांना शिकावे लागले. ते शिकणारे सर्वच काही विशीतले नव्हते. त्यांना ते आले. कारण शिकण्याचे प्रयोजन स्पष्ट होते आणि शिकण्याची जागा त्यांच्या कामाच्या वाटेवर होती. प्रौढ माणूस शिकत नाही असे नव्हे. आपल्या घड्याळाशी ज्याचा मेळ बसत नाही ते तो शिकू शकत नाही.

वेळ कोणी द्यावा?

प्रश्न वेळेचा असेल, तर उपायही वेळेचाच हवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ साली 'सवेतन शैक्षणिक रजा' या विषयावर १४० क्रमांकाचा करार संमत केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. फ्रान्सने त्याआधीच, १९७१ साली, कामगारांच्या पुढील शिक्षणासाठी मालकांनी वेतनखर्चाचा ठराविक हिस्सा बाजूला ठेवावा असा कायदा केला. सिंगापूरने २०१६ पासून पंचविशीपुढील नागरिकांना शिक्षणासाठी ठराविक रक्कम देण्यास आरंभ केला आणि २०२४ साली चाळिशी ओलांडलेल्यांसाठी तीत मोठी भर घातली. ते देश भारताहून श्रीमंत आहेत, ही गोष्ट खरी. परंतु चाळिशीतला माणूस शिक्षणाच्या वयाबाहेर गेला असे त्यांनी मानले नाही; आणि तसे न मानण्यासाठी श्रीमंती लागत नाही.

महाराष्ट्रात आरंभ लहान गोष्टींपासून करता येईल. मान्यताप्राप्त शिक्षणक्रमात नाव असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, मग तो कायम असो वा कंत्राटी, वर्षातून दहा दिवसांची सवेतन परीक्षारजा असावी. तीन वर्षांचे तीस दिवस होतात, सव्वादोनशेपैकी तीस. उरलेले सुमारे दोनशे दिवस विद्यार्थी स्वतःच भरणार आहे. समाजाने सातवा हिस्साही उचलू नये काय? लहान दुकानदाराला हा भार पेलणार नाही, तेथे तो राज्याने वाटून घ्यावा. पाळीच्या कामगाराला परीक्षेच्या महिन्यात एकच पाळी ठेवण्याची मुभा मिळाली, तर त्याला पैसाही लागत नाही; लागते ती पाळीपत्रक लिहिणाऱ्याची थोडी कल्पकता.

दुसरी गोष्ट जागेची. दोन खोल्यांच्या घरात दूरदर्शन संच, पाहुणे आणि शाळकरी मुले यांच्यामध्ये बसून अर्थशास्त्राचे पुस्तक वाचणे हे सोपे काम नव्हे. अनेक महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांना दुपारनंतर कुलूप लागते. ओझर, पिंपळगाव, निफाड, दिंडोरी अशा गावांतील महाविद्यालयांनी एक खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवली, दिवे आणि पिण्याचे पाणी यांची सोय केली, आठवड्यातून दोन दिवस एखादा प्राध्यापक तेथे तासभर बसला, तर प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते निम्मे विद्यापीठ होईल. प्राध्यापकांनीही या कामाला वेठ मानू नये. ज्याने बाजार, कर्ज, महागाई आणि बोनस यांचा अनुभव स्वतः घेतला आहे, अशा विद्यार्थ्याला मागणी-पुरवठा शिकविताना शिकविणाऱ्याचेच ज्ञान पारखले जाते.

तिसरी गोष्ट घराची, आणि तिला शासकीय निर्णय लागत नाही. पत्नीने परीक्षेचा अर्ज भरला त्या दिवशी घरातील कामांची नवी वाटणी झाली पाहिजे. मुलाच्या बारावीच्या वर्षी घर दबक्या पावलांनी चालते, आवाज खाली येतात, पाहुण्यांना सबबी सांगितल्या जातात. तीच अदब आईच्या तृतीय वर्षाला मिळावी, एवढीच मागणी आहे.

ओझरच्या लोकांना हे निराळ्या शब्दांत समजावून सांगण्याची गरज पडू नये. विमानाने ठराविक तास उड्डाण केले, की ते कारखान्यात येते. त्याचा एकेक भाग सुटा होतो, तपासला जातो, झिजलेला बदलला जातो आणि विमान पुन्हा आकाशात जाते. या कामाला ओव्हरहॉल म्हणतात आणि ओझरने ते वर्षानुवर्षे केले आहे. विमान जुने झाले, आता त्याच्यावर खर्च कशाला, असे तेथे कोणी म्हणत नाही. आणि विमानाने आपले ओव्हरहॉल सुटीच्या दिवशी, स्वतःच्या जिद्दीवर उरकून घ्यावे, अशीही कोणाची अपेक्षा नसते. त्यासाठी शेड असते, माणसे असतात, वेळापत्रक असते.

ज्या मिग-२१ ने या गावाच्या नावाला आपले नाव जोडले, ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १७ ऑक्टोबरला, नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ ए विमानाने आकाशात झेप घेतली. मधल्या काळात सुखोई आले. साठ वर्षांत येथे विमान तीनदा नवे झाले. ते घडविणाऱ्या, त्यांच्या कचेऱ्यांत कागद लिहिणाऱ्या, त्यांच्या मुलांना शिकविणाऱ्या आणि त्यांची घरे चालविणाऱ्या माणसांना मात्र आयुष्यात एकदाच, आणि तेही विशीच्या आत, शिकण्याची संधी मिळावी, हे कोणत्या हिशेबात बसते? मुक्त विद्यापीठाचे दार १९८९ पासून उघडे आहे. त्या दारापर्यंत जाण्याचा वेळ देणे हे आता विद्यापीठाचे एकट्याचे काम राहिलेले नाही; ते मालकाचे, शासनाचे, महाविद्यालयाचे आणि प्रत्येक घराचे आहे. सत्काराची शाल थोडी उशिरा आली तरी चालेल. परीक्षेआधीची दहा दिवसांची रजा वेळेवर मिळाली पाहिजे.